मॉरिशसला सहकुटुंब जाताय? जेवणाचं गणित असं जुळवा

मॉरिशसची सहल ठरली की विमान, हॉटेल, कॅटामरान बोटीची फेरी या सगळ्याची चौकशी आपण महिना-दोन महिने आधीपासून करतो. जेवणाचं मात्र "तिथं गेल्यावर बघू" असंच राहतं. बरोबर फक्त नवरा-बायको असतील तर ते चालून जातं. पण दोन लहान मुलं, आजी-आजोबा, त्यात एखादं माणूस कांदा-लसूणही न खाणारं आणि एखाद्याला रोज मासे हवेतच, असा गोतावळा असेल तर भुकेच्या वेळी अनोळखी गावात जागा शोधताना सगळ्यांचीच चिडचिड होते. ती टळावी म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. मॉरिशसमध्ये दिवसाचं मुख्य जेवण दुपारी आणि हॉटेलबाहेर करा. रात्रीचं हॉटेलात किंवा खोलीवर, हलकं ठेवा. हे बेट दुपारी जेवतं. गावोगावच्या गाड्या, बाजारातले ठेले, साधी घरगुती जेवणाची ठिकाणं यांचा खरा वेळ सकाळी नऊ-दहापासून दुपारी तीनपर्यंतचा. अंधार पडला की पर्यटकांच्या वस्त्या सोडून बाकी गावं लवकर शांत होतात, खेड्यांकडच्या बस बंद होतात आणि टॅक्सीला जास्त पैसे मोजावे लागतात. हे एवढं धरून चाललात की पुढचं बरंच सोपं होतं.

1. हॉटेल घेतानाच जेवणाचा प्रकार नीट वाचा

तिथल्या रिसॉर्टमध्ये साधारण तीन प्रकार असतात: फक्त न्याहारी, न्याहारी आणि रात्रीचं जेवण (याला तिथं हाफ बोर्ड म्हणतात), आणि सगळं काही आत धरलेलं. लहान मुलांच्या कुटुंबाला मी हाफ बोर्ड सुचवेन. सगळं आत धरलेलं पॅकेज घेतलं की "पैसे भरलेत, मग बाहेर कशाला खायचं" असं प्रत्येक दुपारी वाटतं आणि बेटाची खरी चव न घेताच परत येतो. दारू न घेणाऱ्या कुटुंबाला ते परवडतही नाही, कारण त्या दरात दारूचा मोठा वाटा असतो.

हाफ बोर्ड घेताना हॉटेलला ईमेल करून हे प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या:

– पिण्याचं पाणी आणि शीतपेयं जेवणात धरली आहेत का? बऱ्याच ठिकाणी रात्रीच्या जेवणासोबतचं पाणीही वेगळं लावतात.
– मुलांचा दर कोणत्या वयापर्यंत कमी आहे?
– मुख्य बुफेऐवजी हॉटेलच्याच दुसऱ्या रेस्टॉरंटमध्ये बसलो तर वर किती भरावे लागतील?
– रोज किमान दोन शाकाहारी गरम पदार्थ असतात का? सॅलड आणि पाव यांना मी यात धरत नाही.
– रात्रीच्या जेवणाला पुरुषांना पूर्ण लांबीची पँट लागते का? अनेक रिसॉर्टमध्ये तसा नियम आहे. आजोबांना दारातून परत पाठवलं की सगळ्यांचाच विरस होतो.

आठवडाभर किंवा जास्त राहणार असाल आणि माणसं पाच-सहा असतील, तर फ्लिक आं फ्लाक, ग्रां बे, पेरेबेर किंवा त्रू ओ बिश इथं स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. चार पावलांवर दुकान, किनारा आणि खाण्याच्या गाड्या सगळं मिळतं.

2. बॅगेत काय काय ठेवायचं

– हॉटेलच्या बुकिंगची छापील प्रत, ज्यावर जेवणाचा प्रकार स्पष्ट लिहिलेला असेल
– परदेशात चालणारं कार्ड, आणि विमानतळावर बदलून घेतलेले थोडे मॉरिशस रुपये
– दोन कापडी पिशव्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तिथं 2016 पासून बंदी आहे
– झाकण घट्ट बसणारा एखादा स्टीलचा डबा, चार चमचे, छोटी सुरी (सुरी चेक-इन सामानात)
– प्रत्येकाची पाण्याची बाटली
– मुलांची ओआरएसची पाकिटं आणि नेहमीची पोटाची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह
– कुणाला शेंगदाणे, कोळंबी, दूध असं काही बाधत असेल तर त्याची फ्रेंचमध्ये लिहिलेली चिठ्ठी
– ओली पुसणी. मिरचीचे हात डोळ्याला लागतात तेव्हा हीच कामाला येतात

खाऊ न्यायचाच असेल तर कोरडा, पाकीटबंद न्या. चिवडा, भाकरवडी, लाडू ठीक. ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं आणि मांसाचे पदार्थ परवान्याशिवाय नेता येत नाहीत. आजीनं प्रेमानं बॅगेत घातलेले आंबे विमानतळावर टाकून द्यावे लागतील, म्हणून बॅगा भरतानाच एकदा सगळ्यांना विचारून घ्या. तिथं उतरताना भरायच्या अर्जात खाद्यपदार्थांबद्दल विचारलं असेल तर खरं तेच लिहा.

3. त्यांचा रुपया आणि आपला रुपया

इथं सगळ्यांची फसगत होते. मॉरिशसच्या चलनाचं नावही रुपयाच, आणि मेनूवरचा आकडा पाहून मन नकळत आपला भाव लावतं. एका मॉरिशस रुपयाला आपले जवळपास पावणेदोन ते दोन रुपये पडतात. म्हणजे "सहाशे पन्नास"ची थाळी आपल्या हिशेबानं साडेअकराशे-तेराशेच्या घरात जाते. सहा माणसांच्या बिलात हा फरक चांगलाच जाणवतो. घरातल्या शाळकरी मुलाकडं हे काम सोपवा: मेनू आला की आकडे दुप्पट करून सांगायचे. किंचित जास्तच येतील, पण बिल आल्यावर धक्का बसणार नाही.

दुसरी गोष्ट कराची. तिथं व्हॅट 15 टक्के आहे. बहुतेक ठिकाणी तो किमतीतच धरलेला असतो, पण काही मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात "कर वेगळा" असं लिहिलेलं असतं. मागवण्याआधी विचारा. टिप सक्तीची नाही. सेवा आवडली तर थोडे पैसे ठेवा, नाही ठेवले तरी कुणी वाईट मानत नाही.

आपलं यूपीआय मॉरिशसमध्ये 12 फेब्रुवारी 2024 ला सुरू झालं. तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून ठेवा, पण त्याच भरवशावर राहू नका. डाळपुरीच्या, म्हणजे डाळ भरलेल्या मऊ पुऱ्यांच्या, गाडीवर रोखच चालतं, तेही सुट्टे. दोन हजारांची नोट घेऊन गाडीवर जाऊ नका. आधी एखाद्या सुपरमार्केटमध्ये पाणी-बिस्किटं घेऊन ती मोडा. पंचवीस, पन्नास आणि शंभरच्या नोटा जवळ असल्या की सकाळची न्याहारी बिनघोर होते.

4. मुलांच्या पोटाचं घड्याळ

मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. हॉटेलचा बुफे संध्याकाळी सात-साडेसातला उघडतो तेव्हा मुलांच्या पोटात रात्रीचे साडेआठ-नऊ वाजलेले असतात. पहिले दोन दिवस तर नक्कीच. बुफेच्या रांगेत रडणारं मूल बहुधा हट्टी नसतं, ते भुकेलेलं आणि झोपेला आलेलं असतं. म्हणून पाच-साडेपाचला त्यांना काहीतरी भक्कम द्या: पाव-लोणी, केळी, दुपारी बांधून आणलेली डाळपुरी. मग साडेसातला ती दोन घास खातील आणि शांतपणे झोपतील.

आपली मे-जूनची सुट्टी म्हणजे तिथं हिवाळ्याची सुरुवात. जूनमध्ये पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पूर्व किनाऱ्यावर गार वारा सुटतो. त्या किनाऱ्यावरच्या 'बेल मार' या गावी समुद्रकाठी उघड्यावर जेवायचं ठरवलं असेल तर आजी-आजोबांसाठी शाल हवीच. पश्चिम आणि उत्तर किनारा त्या मानानं उबदार. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर हवा ऊबदार असते आणि नोव्हेंबर सरता सरता लिची यायला लागते. रस्त्याकडेला लिचीचे घोस बांधून विकतात; ते घ्यायला चुकू नका.

5. रस्त्यावरचं खाणं: इथं हात आखडता घेऊ नका

रस्त्यावरचं खाऊन मुलं आजारी पडतील, या भीतीनं बरीच कुटुंबं सहलीचा सगळ्यात चांगला भाग गमावतात. नियम आपल्याकडचेच: जिथं स्थानिकांची रांग आहे, जिथं पदार्थ गरम आहे आणि भराभर संपतो आहे, तिथं खा. उघड्यावर कापून ठेवलेलं, माश्या बसलेलं घेऊ नका.

पहिला मान डाळपुरीचा. काचेच्या पेटीत, जाड फडक्याखाली पुऱ्यांची चळत वाफाळत असते. विकणारा त्यातल्या दोन उचलतो, कागदावर एकीवर एक, जरा सरकवून पसरतो. मधोमध मोठ्या पांढऱ्या पावट्यांची दाटसर भाजी, तिच्यावर रुगाय, म्हणजे टोमॅटोचा रस्सा, मग कोथिंबिरीची हिरवी चटणी. हे सगळं करताना त्याचं लक्ष पुढच्या गिऱ्हाइकाकडं असतं, आणि शेवटी मान वर करून तो एकच शब्द विचारतो: "पिमाँ?" म्हणजे मिरची घालू का. उत्तर मिळताच दोन घड्या, कागदाची गुंडाळी, तुमच्या हातात. पुरी हाताला पुरणपोळीसारखी मऊसूत लागते. आत हळद-जिरं घातलेली, शिजवून बारीक केलेली डाळ असते. नेहमी जोडीनंच मिळते. मोठ्या माणसाला दोन जोड्या, मुलाला एक जोडी पुरते. रोझ हिलची 'देवा' ही त्यातली नावाजलेली जागा आहे, पण जवळजवळ प्रत्येक गावाला आपापला डाळपुरीवाला असतो आणि गावकरी त्याच्याबद्दल अभिमानानं सांगतात. टॅक्सीवाल्याला विचारा, तो थेट गाडीपाशी नेऊन उभा करेल.

मिरचीबद्दल गंभीरपणे सांगते. तिथली वाटलेली मिरची जहाल असते. आपण कोल्हापूरचे असलो तरी पहिल्यांदा थोडीच घ्यावी. मुलांसाठी "साँ पिमाँ" म्हणजे मिरचीशिवाय, आणि स्वतःसाठी "एन तिपे" म्हणजे किंचित, हे दोन शब्द पाठ करा.

सकाळी गातो पिमाँ खा. वाटलेल्या डाळीचे, कांद्याची पात आणि मिरची घातलेले छोटे वडे गरम तेलातून निघतात, आणि तिथली माणसं ते लोणी लावलेल्या पावात दाबून खातात. पावासकट मागा. तिखट न खाणाऱ्या मुलाला वांग्याची किंवा बटाट्याची भजी मिळतात. अळकुड्या किसून केलेली गातो आरुय आजी-आजोबांना हमखास आवडते. गोडात गातो पाताट घ्या: रताळ्याच्या पारीत गोड खोबरं भरून तळलेला अर्धचंद्राकार पदार्थ. उन्हाच्या वेळी आलूदा, म्हणजे थंड दूध, सब्जा आणि अगर-अगरचे किसलेले तुकडे. राजधानी पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटमध्ये आलूदाचे ठेले आहेत. दुपारी तिथं ग्लासावर ग्लास भरले जात असतात.

किनाऱ्यावर अननसवाला दिसला की थांबा. तिथला अननस लहान आणि फार गोड. तो देठ हातात धरून साल उतरवतो, मग डोळ्यांच्या तिरक्या ओळी धरून सुरी फिरवत नेतो, त्यामुळं फळावर वळणावळणाची खाच पडते आणि एक डोळा आत राहत नाही. देठ मुठीत धरून मुलं तसंच खाऊ शकतात. चिंच-मिरची-मीठ लावलेलंही मिळतं, ते मोठ्यांसाठी.

6. शाकाहारी माणसं असतील तर

मॉरिशसच्या लोकसंख्येत हिंदू जवळजवळ निम्मे आहेत. त्यामुळं शाकाहार काय हे तिथं समजावून सांगावं लागत नाही. हिंदी बऱ्याच जणांना कळते, इंग्रजी तर चालतेच. तरी क्रिओल या तिथल्या बोलीतलं हे वाक्य कागदावर लिहून ठेवा: "मो पा मांझ लाव्यान, पा मांझ प्वासों, पा मांझ दिझेफ." मी मांस, मासे, अंडी खात नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी फ्रेंचमध्ये "साँ ओन्यों, साँ आय" असं सांगावं. तिथल्या बहुतेक भाज्यांत दोन्ही असतात, म्हणून गाडीवर हे सांगून फारसा उपयोग नाही. अशा माणसासाठी बसून जेवायची जागा आणि आधी केलेला फोन हाच मार्ग.

आता फसण्याच्या जागा:

– मिन फ्रिट, म्हणजे परतलेल्या नूडल्स, "भाज्यांच्या" म्हणून मागवल्या तरी त्यात अंडं किंवा कालवांचा सॉस असू शकतो. दोन्ही वेगवेगळं विचारा.
– बुलेत म्हणजे वाफवलेले गोळे, गरम रस्सा घालून देतात. त्यातला शूशूचा, म्हणजे चायोट या भाजीचा, गोळा दिसायला शाकाहारी असतो, पण त्यात सुकट घालण्याची पद्धत आहे.
– रुगाय म्हणजे टोमॅटोचा रस्सा, पण बसून जेवायच्या ठिकाणी त्यात खारवलेला मासा किंवा सॉसेज असू शकतं. "नुसता?" असं विचारूनच घ्या.
– फराटाच्या, म्हणजे पराठ्यासारख्या पोळीच्या, गाडीवर मटण-कोंबडीचे डाव तिथंच असतात. डाव वेगळा वापरायला सांगा, सांगितलं की ऐकतात.
– हॉटेलच्या बुफेतल्या थरथरणाऱ्या पुडिंगांत जिलेटिन असू शकतं.

आणि एक मुलांसाठी: केळ्यांचं "फ्लांबे" फार लोकप्रिय गोड आहे, ते रम ओतून पेटवतात. मुलांच्या ताटात जाऊ देऊ नका.

शाकाहारी माणसाला पोटभर, घरच्यासारखं जेवायचं असेल तर साध्या हॉटेलात मेनू बाजूला ठेवा आणि विचारा: भात, मसूर, ब्रेद आणि चटणी मिळेल का? ब्रेद म्हणजे पालेभाजी. ती लसणावर परतून किंवा पातळ रश्शात करतात. सुकट नको म्हणून सांगा. मेनूवर नसलं तरी तिथल्या घराघरांतलं हे रोजचं जेवण आहे, आणि छोट्या ठिकाणी विचारलं तर आनंदानं करून देतात. माझ्या सासूबाईंनी रिसॉर्टच्या बुफेत हात लावला नव्हता. माएबूरच्या एका साध्या खाणावळीत मसूर आणि पालेभाजी समोर आल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

एखाद्या लग्नाचं किंवा पूजेचं आमंत्रण मिळालं तर अजिबात टाळू नका. केळीच्या पानावर सात भाज्यांचं जेवण वाढतात, त्याला "सेत कारी" म्हणतात, आणि ते पूर्ण शाकाहारी असतं. आपल्या कोकणातून 19व्या शतकात मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथं आजही आहेत, आणि गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवसांत तिथं असाल आणि तुम्ही मराठी आहात हे कळलं, तर घरी बोलावणं येण्याची दाट शक्यता आहे. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. आपल्याकडची अगरबत्ती किंवा पाकीटबंद मिठाई फार प्रेमानं घेतात.

7. मासे-मटण खाणाऱ्यांसाठी

मोहरी, हळद आणि व्हिनेगरमधला मासा, म्हणजे विंदाय, आधी खा. थंड किंवा कोमट, पावाबरोबर. मग वांगं घातलेली माशांची कारी भाताबरोबर. धुरावलेला मार्लिन मासा हॉटेलच्या न्याहारीत असतो, तो चाखा. ऑक्टोपसची कारी नावाजलेली आहे. ऑक्टोपस पकडायला दर वर्षी 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर बंदी असते, तेव्हा त्या काळात ताटात येईल तो गोठवलेला असणार हे धरून चाला.

चिनी-मॉरिशियन हॉटेलात मुलांना बोल रांवेर्से दाखवा. वाडग्यात तळाशी अंडं, वर कोंबडी-भाजी, वर भात दाबून भरतात आणि ताटलीत पालथा घालतात. मुलांसमोर वाडगा उचलला जातो आणि अंडं वर येतं. सहसा तिखट नसतो, म्हणून चोखंदळ मुलंही खातात.

सावध कुठं राहायचं? किनाऱ्याकाठच्या हॉटेलांत मासा आणि लॉब्स्टर बऱ्याचदा वजनावर विकतात, मेनूवरचा आकडा 100 ग्रॅमचा असतो. मासा दाखवायला आणतील तेव्हा वजन आणि एकूण किंमत दोन्ही विचारा, आणि मगच हो म्हणा. बिर्याणी सुंदर मिळते, पण ती कोंबडीची, मटणाची किंवा गोमांसाचीही असते, आणि तिथलं सॉसेज बहुतेक वेळा डुकराचं. घरात जे वर्ज्य आहे ते मागवण्याआधी स्पष्ट विचारा; विचारलेलं कुणाला खटकत नाही. किनाऱ्यावर अनोळखी माणसानं विकायला आणलेला मासा मात्र घेऊ नका. प्रवाळखडकातल्या काही माशांनी विषबाधा होते आणि ती शिजवूनही जात नाही.

8. किनाऱ्यावर डबा, बोटीवर जेवण

सार्वजनिक किनाऱ्यांवर सुरूची दाट बनं आहेत आणि रविवारी स्थानिक कुटुंबं मोठमोठी पातेली घेऊन त्या सावलीत दिवसभर बसतात. तुम्हीही बसा. सकाळी डाळपुरी बांधून घ्या, सुपरमार्केटमधून दही, काकडी, पाणी, आणि एक चादर. माँ शवाझी, फ्लिक आं फ्लाक आणि ब्लू बे इथं जवळच खाण्याच्या गाड्याही असतात. सहा जणांचं जेवण रिसॉर्टच्या एका थाळीच्या पैशात होतं. सावलीची जागा हवी तर रविवारी दहाच्या आत पोचा. कचरा स्वतःच्या पिशवीत परत न्या.

इल ओ सेर या छोट्या बेटाच्या किंवा कॅटामरानच्या फेरीत बोटीवर किंवा बेटावर भाजलेला मासा, कोंबडी, सॅलड आणि पाव असं जेवण असतं. फेरी ठरवतानाच शाकाहारी किती आहेत ते सांगा आणि आदल्या दिवशी फोन करून पुन्हा सांगा. तेवढ्यानंही भागेल याची खात्री नसते. आमच्या बोटीवर दोनदा सांगूनही शाकाहाऱ्यांच्या वाट्याला कोबीचं सॅलड आणि पावच आले. त्या दिवशीचा डबा सोबत असू द्या. बोट लागणाऱ्यांनी निघण्याआधी तेलकट खाऊ नये. केळी आणि कोरडी बिस्किटं बरी.

9. बाजाराचे वार

– पोर्ट लुई: सेंट्रल मार्केट, सोमवार ते शनिवार. दुपारी चारनंतर शहर ओसरायला लागतं, म्हणून सकाळी जा. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आप्रवासी घाट आहे, जिथं 1834 पासून भारतीय मजूर उतरवले गेले. आधी तो पाहा, मग बाजारात खा.
– माएबूर: सोमवार. खाण्यासाठी माझी सगळ्यात आवडती जागा, विमानतळाच्या जवळही.
– फ्लाक: बुधवार आणि रविवार.
– काट्र बोर्न: भाज्यांसाठी बुधवार-शनिवार, कपड्यांसाठी गुरुवार-रविवार.

शामारेलला रंगीत माती बघायला जाणार असाल तर दुपारचं जेवण तिथल्या डोंगरातल्या एखाद्या ठिकाणी घ्या, पण टेबल आधी राखून ठेवा. तिथली बरीच ठिकाणं फक्त दुपारीच चालतात. महाशिवरात्रीच्या दिवसांत गंगा तलावाकडचे रस्ते पायी जाणाऱ्या यात्रेकरूंनी भरून जातात. वाटेत स्वयंसेवक सगळ्यांना खाणं-पाणी देतात, पण गाडीनं जेवायच्या वेळेत कुठं पोचायचं असेल तर तो रस्ता टाळा.

10. खोलीवर काय ठेवायचं

विनर्स किंवा सुपर यूसारख्या सुपरमार्केटमध्ये तूरडाळ, तांदूळ, कणीक, लोणचं सगळं मिळतं. सामान ओढून नेण्याची गरज नाही. बेकरीतला छोटा गोल पाव गरम असताना घ्या, सकाळी आणि दुपारी अशा दोन वेळा निघतो. बोआ शेरीचा व्हॅनिलाचा चहा आणि दूध पावडर असली की सकाळचा चहा खोलीवरच होतो. खोलीवर रोज लागणारं म्हणजे पाव, लोणी, छोटी गोड केळी, दही आणि बाटलीतलं पाणी.

नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. इशारे वर्ग 1 ते 4 असे चढत जातात. वर्ग 2 लागला की लगेच दुकान गाठा: दोन दिवसांचं पाणी, पाव, फळं, शिजवावं लागणार नाही असं काहीतरी, आणि मुलांचं दूध. वर्ग 3 ला दुकानं, हॉटेलं आणि बस बंद होतात आणि बाहेर पडायचं नसतं. वादळानंतर काही दिवस नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, बर्फही टाळा.

11. परतीच्या दिवशी

विमानतळावरचं खाणं महाग आणि निवड कमी. विमान दुपारनंतरचं असेल तर निघताना माएबूरला थांबून जेवा, तिथून विमानतळ अगदी जवळ आहे. सोमवार असेल तर बाजारच लागलेला असतो. डाळपुरी कागदासकट डब्यात भरून घ्या. विमानात मुलांना देता येते, चटणी मात्र वेगळी नको, ती सांडते. घरी न्यायला व्हॅनिलाचा चहा आणि गुलाबी पाक लावलेली नापोलितेन बिस्किटं हाताच्या सामानात चालतात. बिस्किटं फार ठिसूळ असतात, म्हणून कपड्यांच्या मध्ये, स्टीलच्या डब्यात ठेवा. आंबा किंवा मिश्र भाज्यांच्या लोणच्यात तेल असतं, त्या बरण्या दोन पिशव्यांत गुंडाळून चेक-इन सामानात टाका. उरलेले मॉरिशस रुपये विमानतळावर आत जाण्याआधी बदलून घ्या.